वनभूमीवरील अनधिकृत सायकलवाटा: वहिवाट, दायित्व आणि गुप्तता

१. विषयाचे स्वरूप

ब्रिटनमधील सरकारी वनभूमीत गेल्या तीन-चार दशकांत एक निराळा व्यवहार रूढ झाला आहे. माउंटन बाइक, म्हणजे रुंद व खाचदार टायरांची, डोंगरउतारावर चालविण्याकरिता घडविलेली सायकल, वापरणारे काही लोक फावडी, कुदळी आणि करवती घेऊन लागवडीच्या दाट जंगलात शिरतात आणि कोणाचीही परवानगी न घेता उतारावरून खाली येणाऱ्या अरुंद वाटा खणून काढतात. वळणावर मातीचे बांध घालणे, उडी घेण्यासाठी उंचवटे रचणे, ओहोळावर फळ्यांचे साकव टाकणे ही सर्व कामे ते स्वतःच्या हातांनी व स्वखर्चाने करतात. वाट पुरी झाली, की पुष्कळदा तिचे तोंड फांद्यांनी व पालापाचोळ्याने झाकून टाकण्यात येते, आणि तिचा ठावठिकाणा माहीतगारांपुरताच राहतो.

ह्या व्यवहाराकडे पाहण्याच्या दोन दृष्टी सर्वपरिचित आहेत. वनाधिकाऱ्याच्या दृष्टीने तो सार्वजनिक मालमत्तेची नासधूस होय. वाट खणणाऱ्याच्या दृष्टीने तो ओसाड पडलेल्या भूमीचा निरुपद्रवी, किंबहुना कल्पक, उपयोग होय. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्यांश आहे. परंतु प्रश्नाचे मर्म त्यांपैकी कोणत्याही एका भूमिकेत सापडत नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे, की ह्या वाटांपासून संभवणारा धोका त्या खणण्याने जितका उत्पन्न होतो, त्याहून अधिक त्या लपविण्याने उत्पन्न होतो. आणि ही लपवाछपवी केवळ खणणाऱ्यांच्या स्वभावातून आलेली नसून प्रचलित नियमांनी उभय पक्षांस तिच्याकडे ढकलले आहे.

२. वने आणि सायकल: ऐतिहासिक पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धात लाकडाची तीव्र टंचाई भासल्यानंतर १९१९ साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून फॉरेस्ट्री कमिशनची स्थापना केली. त्या वेळी ब्रिटनच्या भूमीपैकी सुमारे ५ टक्केच भाग वृक्षाच्छादित होता. आज संयुक्त राज्यात हे प्रमाण सुमारे १३ टक्के आहे. ही वाढ मुख्यतः सूचिपर्णी वृक्षांच्या लागवडीने झाली, आणि त्यांत उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून आणलेल्या सिट्का स्प्रूसचा वाटा सर्वांत मोठा आहे. हे वन म्हणजे एका अर्थी चाळीस वर्षांच्या आसपास पक्व होणारे पीकच होय. रोपण, विरळणी आणि अखेर सरसकट तोड असे त्याचे चक्र चालते. आज ह्या वनांचा कारभार इंग्लंडमध्ये फॉरेस्ट्री इंग्लंड, स्कॉटलंडमध्ये २०१९ साली स्थापन झालेली फॉरेस्ट्री अँड लँड स्कॉटलंड, आणि वेल्समध्ये २०१३ पासून नॅचरल रिसोर्सेस वेल्स ह्या संस्थांकडे आहे. फॉरेस्ट्री इंग्लंडच्या ताब्यातील भूमीच सुमारे अडीच लाख हेक्टर आहे. एवढ्या विस्तारावर सतत नजर ठेवणे कोणत्याही संस्थेला शक्य नाही, ही गोष्ट पुढील विवेचनात ध्यानात ठेवावयास हवी.

माउंटन बाइकचा उगम मात्र अमेरिकेतील. कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात टॅमलपायस पर्वताच्या परिसरात काही हौशी तरुणांनी जुन्या, जड सायकली दुरुस्त करून वणवा विझविण्यासाठी काढलेल्या कच्च्या रस्त्यांवरून खाली सोडण्यास आरंभ केला. तेथील ‘रिपॅक’ ह्या प्रसिद्ध शर्यतीची पहिली फेरी १९७६ च्या ऑक्टोबरात झाली. १९८० नंतरच्या दशकात अशा सायकलींचे कारखानी उत्पादन वाढले, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ह्या खेळास स्थान मिळाले.

ब्रिटिश वनसंस्थांनी ह्या नव्या खेळाकडे पाठ फिरविली असे म्हणता येणार नाही. वेल्समधील कोइड-अ-ब्रेनिन ह्या वनात १९९० नंतरच्या दशकात केवळ माउंटन बाइकसाठी आखलेल्या वाटा तयार करण्यात आल्या, आणि पुढे दक्षिण स्कॉटलंडमध्ये ‘सेव्हन स्टेन्स’ ह्या नावाने सायकलकेंद्रांची मालिकाच उभी राहिली. मग अधिकृत वाटा उपलब्ध असता अनधिकृत वाटा का खणल्या जातात, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो.

त्याची कारणे तीन दिसतात. पहिले असे, की अधिकृत वाट हजारो लोकांचा भार सोसेल अशी करावी लागते. तिच्यावर खडी दाबून बसवितात व तिचा उतार मर्यादित ठेवतात, आणि त्यामुळे ती निपुण सायकलस्वाराला सपक वाटू लागते. त्यास हवा असतो तीव्र उतार, मऊ माती, उघडी मुळे आणि वृक्षांमधून जेमतेम निघणारी जागा. दुसरे कारण असे, की अधिकृत वाटेच्या मंजुरीस पाहणी, सल्लामसलत व निधी ह्यांमुळे वर्षे लोटतात, आणि अनधिकृत वाट काही आठवड्यांच्या फुरसतीत पुरी होते. तिसरे कारण सर्वांत दुर्लक्षित आहे: वाट आखणे व खणणे हाच स्वतंत्र आनंदाचा विषय आहे. पाणी कोठून वाहील, वेग कोठे वाढेल, झाडाच्या कोणत्या बाजूने वळावे, ह्यांचा विचार करणाऱ्यास सायकल चालविण्याइतकाच, कित्येकदा त्याहूनही अधिक, रस ह्या रचनेत असतो. केवळ नव्या वाटा पुरवून हा प्रश्न सुटत नाही, तो ह्याच कारणामुळे.

३. कायद्याची स्थिती

इंग्लंड व वेल्समध्ये सायकलस्वारास घोडवाटांवरून सायकल नेण्याचा हक्क १९६८ च्या कंट्रीसाइड ॲक्टने दिला. मात्र त्याने पादचाऱ्यांस व अश्वारूढांस वाट द्यावी अशी अट घातली. २००० सालच्या कंट्रीसाइड अँड राइट्स ऑफ वे ॲक्टने मोकळ्या प्रदेशात संचाराचा व्यापक हक्क निर्माण केला. फॉरेस्ट्री कमिशनने आपली बहुतांश मालकीची वनभूमीही ह्या कायद्याखाली लोकांस खुली केली, परंतु हा हक्क केवळ पायी चालणाऱ्यांचा आहे. स्कॉटलंडमध्ये परिस्थिती निराळी आहे. तेथील २००३ चा लँड रिफॉर्म ॲक्ट २००५ च्या फेब्रुवारीत अमलात आला, आणि त्याने जबाबदारीने वागणाऱ्या सर्वांस, सायकलस्वारांसह, बहुतेक भूमीवर संचाराचा हक्क दिला.

ह्यावरून असा समज होण्याचा संभव आहे, की स्कॉटलंडमध्ये अनधिकृत वाटांचा प्रश्न उद्भवतच नसावा. वस्तुतः तो तेथे अधिक गुंतागुंतीचा होतो. कायद्याने दिलेला हक्क जाण्यायेण्याचा आहे, जमीन खणण्याचा नाही. परिणामी तेथे वाट खणणारा नियमबाह्य ठरतो, पण तीच वाट तयार झाल्यावर तिच्यावरून जबाबदारीने सायकल नेणारा नियमबाह्य ठरतोच असे नाही. इंग्लंडमध्ये खणण्याविरुद्ध फॉरेस्ट्री कमिशनचे १९८२ चे उपनियम स्पष्ट आहेत: झाडझाडोरा तोडणे, माती वा हिरवळीचा थर उकरणे त्यांनी निषिद्ध केले आहे. तथापि रात्री-अपरात्री वा पावसाळी दिवशी जंगलात काम करणाऱ्या चार माणसांस पकडून त्यांच्याविरुद्ध पुरावा उभा करणे किती दुष्कर आहे, हे वेगळे सांगावयास नको.

४. नुकसान कशाने होते?

सायकलच्या चाकाने डोंगर झिजतो, असा लोकांचा सर्वसाधारण ग्रह आहे. ह्या ग्रहाची प्रयोगाने परीक्षा झालेली आहे. विल्सन व सेनी ह्यांनी माँटाना राज्यातील वाटांवर पादचारी, घोडे, मोटारसायकली आणि सायकली ह्यांची तुलना करून १९९४ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाऊल व खूर ह्यांनी चाकांपेक्षा अधिक माती सुटी होते, असे त्यांना आढळले. थर्स्टन व रीडर ह्यांनी ओंटारियोतील पानझडी वनात केलेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात चालणे व सायकल चालविणे ह्यांच्या परिणामांत लक्षणीय फरक दिसला नाही.

तेव्हा दोष चाकाचा नसून वाटेच्या रेषेचा आहे. थेट उताराच्या दिशेने काढलेली वाट पावसाळ्यात ओहोळ बनते. पाणी तिच्यात शिरते, वेग घेते आणि माती घेऊन खाली जाते. म्हणून वाटा आखणारे जाणकार काही साधे नियम पाळतात. वाटेचा चढ डोंगरउताराच्या चढाच्या निम्म्याहून अधिक असू नये. उदाहरणार्थ, उतार ४० टक्के असेल, तर वाट २० टक्क्यांहून तीव्र नसावी. तिचा सरासरी चढ १० टक्क्यांच्या आसपास ठेवावा. तिची बाहेरची कड किंचित उतरती ठेवावी. आणि मधूनमधून तिला अल्पसा उलट चढ द्यावा, म्हणजे साचलेले पाणी तेथून बाहेर पडेल. कुशल अनधिकृत वाटकऱ्यांस हे शास्त्र उत्तम अवगत असते. परंतु जो प्रथमच कुदळ हाती धरतो त्यास ते शिकविणार कोण? गुप्त व्यवहारात गुरुशिष्यपरंपरा निर्माण होणे कठीण.

मातीखेरीज आणखी चार प्रकारचे धोके विचारात घेतले पाहिजेत.

पहिला धोका वृक्षतोडीचा. झाड तोडणाऱ्यापासून निदान दोन झाडांच्या उंचीइतके अंतर मोकळे असावे, असा वनकामातील नियम आहे. यंत्राने तोड चालू असता हे अंतर त्याहूनही मोठे ठेवतात. वनाधिकारी ज्ञात रस्त्यांवर फलक लावतो, अडथळे उभारतो. पण जी वाट त्याच्या नकाशावरच नाही, तिच्यावर तो फलक लावणार कसा? वेगाने खाली येणारा सायकलस्वार अशा वेळी थेट यंत्रासमोर येऊ शकतो, आणि त्यात स्वाराइतकाच यंत्रचालकाचाही घात आहे.

दुसरा धोका वादळाचा. ओल्या जमिनीवरील सिट्का स्प्रूसची मुळे उथळ असतात. वाट काढताना ती तोडली, की वृक्षाचा आधार जातो. २०२१ च्या नोव्हेंबरात आलेल्या ‘आर्वेन’ वादळाने पूर्व स्कॉटलंड व ईशान्य इंग्लंडमधील वनांत लक्षावधी झाडे भुईसपाट केली. एकमेकांवर रेललेल्या अशा खोडांत प्रचंड ताण साठलेला असतो. आपली वाट मोकळी करण्यासाठी हातकरवत घेऊन तेथे जाणारा हौशी माणूस प्राण संकटात घालतो.

तिसरा धोका रोगाचा. फायटॉफ्थोरा रॅमोरम हा बुरशीसदृश रोगकारक २००९ साली नैर्ऋत्य इंग्लंडमधील जपानी लार्च वृक्षांवर आढळला, आणि तेव्हापासून रोगट लार्चची मोठ्या प्रमाणावर तोड करावी लागली आहे. ह्याच प्रजातीतील रोगकारकांमुळे कोकण व गोवा येथील सुपारीबागांत कोळेरोग होतो, हे आपल्या वाचकांस ठाऊक असेल. चिखलाने माखलेले टायर असा रोग एका वनातून दुसऱ्या वनात नेऊ शकतात. म्हणून रोगग्रस्त भाग बंद करणे आवश्यक ठरते. परंतु अज्ञात वाट बंद करता येत नाही.

चौथा धोका पुरावशेष व वन्यजीव ह्यांचा आहे. लोहयुगीन टेकडीकोटांचे मातीचे तट ब्रिटनमधील अनेक वनांत झाडीखाली दडलेले आहेत. सायकलस्वाराच्या नजरेस तो तट म्हणजे आयता उडीचा उंचवटा दिसतो. १९७९ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्याने संरक्षित स्थळी विनापरवाना खणणे गुन्हा आहे, हे त्यास ठाऊक नसते. स्कॉटलंडमधील कॅपरकेली ह्या दुर्मिळ रानकोंबड्याचे उदाहरण तर विशेष बोधप्रद आहे. हा पक्षी तेथे नामशेष होण्याच्या मार्गावर असून केर्नगॉर्म्स परिसरातील पाइनची वने हा त्याचा मुख्य आश्रय आहे. विणीच्या हंगामात नर ज्या जागी जमून नाचतात, त्या जागा उपद्रव टाळण्यासाठी पक्षिरक्षक गुप्त ठेवतात. सायकलस्वार आपल्या वाटा गुप्त ठेवतात. दोन गुप्त नकाशे एकमेकांवर ठेवून पाहण्याची सोय नसल्याने वाट नेमकी पक्ष्याच्या जागेतून जाते, आणि ती तशी गेली हे दोहोंपैकी कोणासही वेळेवर कळत नाही.

५. न पाहण्याची उपयुक्तता

ह्या चारही धोक्यांचे सूत्र एकच आहे: वाट आहे, हे ज्यास ठाऊक असावयास हवे त्यास ते ठाऊक नाही. हे अज्ञान टिकून राहण्यास कायदा कसा हातभार लावतो, ते आता पाहू.

इंग्लंड व वेल्समध्ये जमिनीचा भोगवटादार आपल्या आमंत्रितांबाबत १९५७ च्या कायद्याने, आणि हक्काविना आलेल्यांबाबत १९८४ च्या कायद्याने जबाबदार असतो. १९८४ च्या कायद्याप्रमाणे हे दायित्व निर्माण होण्यास तीन गोष्टी लागतात: भोगवटादारास धोक्याची जाणीव असावी किंवा तशी असण्यास आधार असावा, माणूस त्या धोक्याजवळ येईल हे त्यास ठाऊक असावे किंवा तसे मानण्यास आधार असावा, आणि त्या धोक्यापासून संरक्षण देण्याची अपेक्षा वाजवी असावी. पहिल्या दोन अटी ज्ञानाच्या आहेत. सावध अधिकारी त्यांवरून सहज असा निष्कर्ष काढतो, की वाट अधिकृतपणे पाहिली की तिच्याविषयी काहीतरी करणे भाग पडेल. तेव्हा ती न पाहिलेली बरी. पाहिलीच, तर ती यंत्र लावून उखडावी. आणि वाटा उखडल्या जातात हे ठाऊक असल्याने खणणारा पुढील वाट अधिक आत, अधिक आडबाजूस, पुष्कळदा अधिक नाजूक भूमीत नेतो. अशा रीतीने एकाचे न पाहणे आणि दुसऱ्याचे न दाखविणे ही परस्परांस पोसत राहतात.

ही भीती कितपत साधार आहे? स्वखुशीने पत्करलेल्या जोखमीबाबत भोगवटादाराचे दायित्व नाही, असे तोच कायदा सांगतो. २००३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने काँगलटन बरो कौन्सिलविरुद्धच्या दाव्यात ह्या तत्त्वास बळकटी दिली. तळ्याच्या उथळ पाण्यात सूर मारून कायमचे अपंगत्व आलेल्या एका तरुणाचा तो दावा होता. धोका उघड होता व तो स्वेच्छेने पत्करला होता, म्हणून कौन्सिल जबाबदार ठरली नाही. काही थोड्यांच्या साहसामुळे इतर सर्वांचा निर्दोष आनंद हिरावून घेऊ नये, असाही विचार त्या निर्णयामागे होता. ह्याचा अर्थ भोगवटादाराने निर्धास्त व्हावे असा नव्हे. कुजलेल्या साकवाचा धोका तीव्र उतारासारखा उघड नसतो. तथापि डोळे मिटून घेतल्याने दायित्व टळते आणि उघडल्याने ते अंगावर येते, हा सोपा हिशेब बरोबर नाही, एवढे निश्चित.

येथे वहिवाटीच्या कल्पनेचा उल्लेख करणे उचित होईल. इंग्लंडमधील १९८० च्या हायवेज ॲक्टनुसार एखाद्या वाटेवरून लोक वीस वर्षे हक्काने व अव्याहत जात असतील, तर ती सार्वजनिक झाल्याचे अनुमान केले जाते. परंतु हा वापर बळजबरीने, गुप्तपणे वा परवानगीने झालेला नसावा. आपल्याकडील १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातही वाटेचा उपभोग वीस वर्षे शांततेने व उघडपणे झालेला असावा, अशी अट आहे. इंग्लंडमधील हा नियम सरकारी वनभूमीस जशाच्या तसा लागू पडतो असे नव्हे, पण त्यातील तत्त्व उद्बोधक आहे. जो लपून वापरतो, तो वर्षानुवर्षे वापरूनही हक्कदार होत नाही. उलट जो मालक उघड परवानगी देतो, त्याचा हक्कही अबाधित राहतो, कारण परवानगीने केलेल्या वापरातून हक्क उपजत नाही. गुप्ततेने खणणाऱ्याचे हित साधत नाही आणि मौनाने मालकाचेही साधत नाही.

६. ट्वीड नदीच्या खोऱ्यातील अनुभव

दक्षिण स्कॉटलंडमध्ये ट्वीड नदीच्या काठी पीबल्स व इनरलीदन ही गावे आहेत. लोकरीच्या गिरण्यांचा हा जुना प्रदेश आज सायकलस्वारांचे तीर्थक्षेत्र बनला आहे. ग्लेंट्रेस येथे अधिकृत केंद्र आहे, आणि तेथेच २०२३ च्या ऑगस्टमध्ये जागतिक सायकल अजिंक्यपद स्पर्धेतील माउंटन बाइकच्या शर्यती झाल्या. इनरलीदनजवळ, गोल्फच्या मैदानावरील वनात, ‘गोल्फी’ ह्या टोपणनावाने ओळखला जाणारा वाटांचा समूह मात्र स्थानिकांनी आपल्या हातांनी निर्माण केला. २०१४ साली ह्या खोऱ्यात एंड्युरो वर्ल्ड सिरीज ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली, आणि येथील उतारांचा लौकिक जगभर झाला. ज्या वाटा अधिकृतपणे अस्तित्वात नव्हत्या, त्यांच्यावर गावातील दुकाने व खाणावळी चालू लागल्या. ह्या अवस्थेत वाटा उखडणे अशक्य होते, आणि त्या दिसत नाहीत असे म्हणणे हास्यास्पद झाले असते.

तेथे अवलंबिलेला मार्ग सहकार्याचा आहे. ट्वीड व्हॅली ट्रेल्स असोसिएशन ही स्थानिक संघटना फॉरेस्ट्री अँड लँड स्कॉटलंडशी समन्वय राखून स्वयंसेवकांकरवी वाटांची देखभाल करते. अशा सहकार्याची कलमे साधारणतः ठराविक असतात. ठरलेल्या वाटा नकाशावर नोंदवावयाच्या. त्यांची वेळोवेळी पाहणी करून ती लेखी ठेवावयाची. विचारविनिमयाविना नवी वाट खणावयाची नाही. वनसंस्थेने तोडीचे वेळापत्रक आधी कळवावयाचे. आणि तोडीत वाट गेली तर तो पिकाचा क्रम म्हणून स्वीकारावयाचा. ह्या कलमांत खरी देवाणघेवाण माहितीची आहे, हे लक्षात येईल. खणणारा वाटेचे ठिकाण देतो आणि मोबदल्यात वनाचे भवितव्य जाणून घेतो.

सामायिक साधनसंपत्तीच्या नियमनाविषयी एलिनॉर ऑस्ट्रॉम ह्यांनी १९९० साली मांडलेली तत्त्वे येथे आठवतात. नियम ज्यांना पाळावयाचे त्यांचा ते घडविण्यात सहभाग असावा. देखरेख वापरणाऱ्यांनीच करावी किंवा ती त्यांस उत्तरदायी असावी. आणि शिक्षा अपराधाच्या प्रमाणात चढती असावी, असे त्यांचे प्रतिपादन आहे. सरकारी वन हे काटेकोर अर्थाने सामायिक मालकीचे नव्हे. तथापि ज्या वनावर राज्याचा अंमल कागदावर संपूर्ण आणि प्रत्यक्षात विरळ असतो, तेथे वापरणाऱ्यांची संघटना हीच सर्वांत विश्वसनीय पहारेकरी ठरू शकते.

ह्या मार्गास मर्यादा आहेत. अधिकृत झालेली वाट हळूहळू सौम्य केली जाते, अशी सायकलस्वारांची तक्रार असते, आणि ती सर्वस्वी निराधार नाही. संघटनेत येतात ते सभेस बसण्याची सवय असलेले प्रौढ. शहरालगतच्या झाडीत शाळा सुटल्यावर उंचवटे रचणारी मुले तेथे येत नाहीत. २०२० च्या टाळेबंदीत अशा खणण्यास जो ऊत आला, त्यावर कोणत्याही कराराचा अंमल नव्हता. शिवाय काही भूमी अशी असते, की तेथे वाट मुळीच असू नये. कॅपरकेलीच्या वनात किंवा प्राचीन कोटाच्या तटावर तडजोडीस जागा नाही. परंतु तेथे ‘नाही’ म्हणणाऱ्या अधिकाऱ्याचा शब्द मानला जावा असे वाटत असेल, तर त्याने अन्यत्र कोठेतरी ‘होय’ म्हटलेले असले पाहिजे.

७. समारोप

अनधिकृत सायकलवाटेचा प्रश्न हा वरकरणी शिस्तीचा, पण मुळात माहितीच्या वाटपाचा प्रश्न आहे. वाट खणणाऱ्यास उताराचे, पाण्याचे व मातीचे जे ज्ञान असते, ते वनाधिकाऱ्यास उपयुक्त आहे. वनाधिकाऱ्यास तोडीचे, रोगाचे व पक्ष्यांचे जे ज्ञान असते, ते खणणाऱ्याच्या जीविताशी निगडित आहे. प्रचलित दायित्वविचार, विशेषतः त्याविषयीची अतिरंजित भीती, ही दोन ज्ञाने एकत्र येऊ देत नाही. म्हणून सुधारणेचा आरंभ दंड वाढविण्यापासून करण्याऐवजी, वाट दाखविणाऱ्यास ती दाखविल्याबद्दल शिक्षा होणार नाही आणि ती पाहणाऱ्यास केवळ पाहिल्याबद्दल दोषी धरले जाणार नाही, अशी व्यवस्था करण्यापासून झाला पाहिजे.

अभ्यासकांस येथे दोन दिशांनी पुढे जाता येईल. ज्या वनांत असे सहकार्य काही वर्षे टिकले, तेथे नव्या गुप्त वाटांचे प्रमाण खरोखर घटले की त्या केवळ शेजारच्या वनात सरकल्या, हे क्षेत्रपाहणीने तपासावयास हवे. तसेच संघटनेच्या बाहेर राहणाऱ्या अल्पवयीन वाटकऱ्यांपर्यंत नियम व शिक्षण कोणत्या मार्गाने पोहोचते, ह्याचाही शोध घेतला पाहिजे. ह्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून वर वर्णिलेल्या सहकार्याचे मूल्यमापन पुरे झाले असे म्हणता येणार नाही.